कानगोष्टीची वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्त्याहत्तर, वीज कार्यालयातून निवृत्त झालेली प्रोग्रामर, ध्वनियंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाची विधवा, एका मुलाची आई आणि एका नातीची आजी, हे माझं मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. हुशारी पूर्वी जेवढी होती तेवढीच आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, औषधातून काही पाजलेलं नाही. राग मात्र आला आहे, आणि तो येऊन बरेच दिवस झाले. रागावलेल्या माणसाने केलेलं मृत्युपत्र रद्द होतं असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. मी विचारून घेतलं आहे.

शुद्धीबद्दल एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की कोर्टाच्या दप्तरात एक प्रतिज्ञापत्र पडलेलं आहे. त्यात म्हटलं आहे की वडील गेल्यापासून आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे आणि आपलं काय, दुसऱ्याचं काय, हे तिला कळेनासं झालं आहे. खाली सही माझ्या मुलाची आहे. मी डोळे मिटले की हा कागद कोणीतरी बाहेर काढणार आणि हे मृत्युपत्र वेडीने केलेलं म्हणून मोडीत काढायला बघणार. ते मोडलं तर मुलगा एकटा वारस ठरतो, आणि तो ज्यांची नोकरी करतो त्या कंपनीला जे हवं आहे ते तिच्या घशात जातं. तसं होऊ नये म्हणून मी सगळी हकिगत इथेच लिहिते आहे. वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी त्याने नेटाने शेवटपर्यंत वाचावं.

याच कारणाने आज सकाळी आमच्या डॉक्टरांना बोलावून मी स्वतःला तपासून घेतलं. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. शून्याच्या खाली गेल्यावरही मी थांबेना, तेव्हा त्यांनीच हात जोडले. त्यांचा दाखला सोबत टाचला आहे.

१. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र या मृत्युपत्राने रद्द होतं. त्यात मी डोळे झाकून सगळं मुलाला लिहून दिलं होतं. ते माझे यजमान हयात असताना केलं होतं आणि तेव्हा डोळे झाकण्यासारखी परिस्थिती होती.

२. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची गॅलरी आणि तळमजल्यावरचा दुकानाचा गाळा, एवढी माझी स्थावर मिळकत. ती मी मुलाला देते. द्यायची नव्हती. गेल्या वर्षभरात मी हे घर मनातल्या मनात कोणाकोणाला देऊन टाकलं, त्यात दूधवाल्याचाही नंबर लागला होता. पण याच फरशीवर तो रांगायला शिकला, आणि मी कितीही चिडलेली असले तरी त्याची आई आहे. अट एकच. गाळ्यावर त्याच्या कंपनीची पाटी लागता कामा नये. लागली तर त्याच दिवशी घर त्याच्याकडून जाईल आणि कलम ११ प्रमाणे पुढे जाईल. सूनबाईला जे द्यायचं ते मी हातोहात दिलं आहे, तिने या कागदात आपला उल्लेख शोधू नये. ती शोधायची नाहीच. या घरात डोकं थंड असणारं माणूस ती एकटीच.

३. ह्यांची हत्यारं. दुकानातलं मीटर, सोल्डरिंग आयर्न, चिमटे, भिंग आणि सुट्या भागांचे डबे हे सगळं शेजारच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याला द्यावं. तो वापरेल. इतरांकडे शोभेला राहतील. एक स्क्रूड्रायव्हर मात्र त्यातून बाजूला काढावा. नातीच्या कानाच्या मशीनला कंपनीने असे स्क्रू बसवले की बाजारातला कोणताही स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खाचेत बसत नाही. मशीन आपलं, पैसे आपण मोजलेले, पण झाकण उघडायचं नाही. ह्यांनी एक जुना स्क्रूड्रायव्हर कानशीने घासून त्या खाचेच्या मापाचा केला आणि तो शर्टाच्या खिशात लावून कंपनीच्याच दुकानात बॅटरी आणायला जात. तो नातीचा.

४. पुस्तकं. कागदाची सगळी नातीला. फोनवर घेतलेली पुस्तकं आणि गाणी मी कोणालाही देऊ शकत नाही, याबद्दल दिलगीर आहे. वर्षानुवर्षं मी 'खरेदी करा' असं लिहिलेलं बटण दाबून ती घेतली. ती नातीच्या नावावर करायची म्हणून दुकानाला विचारलं, तर उत्तर आलं की मी पुस्तकं घेतलीच नव्हती, माझ्या हयातीपुरती वाचायची परवानगी घेतली होती, आणि ती माझ्याबरोबर संपते. म्हणजे आयुष्यभर मी भाड्याने वाचलं. मग बटणावर तसं लिहायला काय धाड भरली होती?

५. प्रिंटर. तो कंपनीच्या वकीलसाहेबांना द्यावा. शाई काठोकाठ भरलेली असली तरी ती दुसऱ्याच्या दुकानातली आहे म्हणून तो छापत नाही. हे मृत्युपत्र हाताने लिहावं लागलं ते त्याच्यामुळेच, आणि माझं मनगट ठणकतं आहे. वकीलसाहेबांचं आणि त्याचं चांगलं जमेल. पोचवण्याचा खर्च माझ्या मिळकतीतून करावा.

६. कानगोष्ट. आता मूळ मुद्दा.

माझी नात जन्मापासून कमी ऐकते. ती चालायला लागली तेव्हा हे कळलं, आणि तिला दोन्ही कानांना मशीन बसवलं. ते बसवणारा माणूस तिला काचेच्या खोलीत बसवायचा, पीप पीप आवाज ऐकवायचा आणि कागदावर रेघ काढून मशीन जुळवून द्यायचा. काचेच्या खोलीत तिला सगळं ऐकू यायचं. घरी आली की पातेल्यावर झाकण पडलं तरी कानावर हात ठेवून किंचाळायची, आणि आईने मागून हाक मारली तर वळायची नाही. पुन्हा जुळवून घ्यायचं तर पुन्हा वेळ मागा, पुन्हा फी भरा. असं चार वेळा झाल्यावर ह्यांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "तू आतलं बघ, मी बाहेरचं बघतो."

आतलं म्हणजे प्रोग्राम. मी वीज कार्यालयात बिलांचे प्रोग्राम लिहीत असे. कानाचा मला गंध नव्हता. शिकले. आणि आम्ही मशीन जुळवलं ते काचेच्या खोलीत नाही, याच स्वयंपाकघरात. नात टेबलावर पाय हलवत बसायची. हे एकेक आवाज करायचे. झाकण, नळ, दाराची कडी, आजोबांचा खोकला. तिने तोंड वाकडं केलं की मी आकडा बदलायचा, हसली की तो लिहून ठेवायचा. प्रत्येक जुळणीला आम्ही त्या त्या आवाजाचं नाव दिलं. आणि सगळं नीट लागलं की नाही हे बघायला हे शेवटी एक शिट्टी वाजवत, तीन सुरांची, एक खालचा, एक मधला, एक वरचा. संध्याकाळी दुकान बंद करून जिना चढताना ते हीच शिट्टी वाजवत असत, म्हणजे मी दार उघडावं. मशीन चालू झालं की आधी ती शिट्टी वाजेल अशी सोय मी प्रोग्राममध्ये केली. तिन्ही सूर ऐकू आले तर मशीन ठीक आहे.

या प्रोग्रामला आम्ही नाव दिलं कानगोष्ट. तो आम्ही इंटरनेटवर ठेवला, फुकट, आतलं सगळं उघडं. परवान्यातली अट साधी होती. घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. पण बदललात तर तुमचे बदलही असेच उघडे ठेवा, कुलूप लावू नका. कुठकुठल्या लोकांनी तो घेतला. एका शाळेतल्या बाईंनी वर्गातल्या गोंगाटाची जुळणी करून पाठवली, एका ट्रकचालकाने इंजिनाची. ज्याने जे लिहिलं ते त्याचं राहिलं आणि सगळ्यांच्या उपयोगी पडलं. आम्हाला त्यातून दमडी मिळाली नाही आणि ती हवीही नव्हती. आमच्या घरात तेवढी सुखाची वर्षं पुन्हा आली नाहीत.

७. मग हे गेले. मुलाने कानाची मशीन बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. कशासाठी धरली ते मला माहीत आहे आणि ते इथे लिहिणं न्यायाचं होईल: नोकरांच्या मुलांना मशीन फुकट मिळतात. त्याने कंपनीचं नवं मशीन आणलं, फोनवर अटींची लांबलचक यादी आली, त्याने खाली 'मान्य' दाबलं आणि ते नातीच्या कानात बसवलं. ती याच खुर्चीवर होती. मशीन चालू झालं, ती दाराकडे वळली आणि म्हणाली, "आजी, आजोबा आले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीने कानगोष्ट उचलली होती. आमची नावं काढली, शाळेतल्या बाईंचं काढलं, ट्रकचालकाचं काढलं, परवाना काढला, वर कुलूप घातलं आणि आपला शिक्का मारला. शिट्टी तेवढी राहिली, कारण त्यांच्या इंजिनियरांना ती तपासणीचा भाग वाटली आणि ती काढली तर काहीतरी बिघडेल अशी त्यांना भीती होती. मी कंपनीला सभ्य भाषेत लिहिलं. उत्तर आलं की तीन सूर कोणाच्या मालकीचे नसतात. हे त्यांनी मला सांगावं!

८. नात मोठी झाली आणि सुताराच्या कारखान्यात लागली. हट्टाने लागली. करवतीच्या आवाजात माणसाचा आवाज वेगळा ऐकू यावा अशी एक जुळणी मशीनमध्ये होती आणि तिच्या जोरावर ती दिवसभर करवतीपाशी उभी राहत असे. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीनने फोनवरून स्वतःहून नवं अपडेट घेतलं. त्या अपडेटनंतर ती जुळणी दरमहा पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव झाली. कोणी तिला सांगितलं नाही. ती करवतीपाशी गेली. फळीत खिळा होता, तो मिस्त्रीला दिसला, तो ओरडला, थांब. तिला फक्त करवत ऐकू येत होती. मिस्त्रीने धावत येऊन मागे खेचलं म्हणून हात वाचला. डाव्या करंगळीचं टोक गेलं.

कंपनीने कळवलं की सूचना फोनवर पाठवली होती आणि अटी आपल्या कुटुंबीयाने मान्य केलेल्या आहेत.

त्यानंतर मी कुलूप उघडलं. त्या खास स्क्रूड्रायव्हरने झाकण, आणि मी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामने आतलं. त्या प्रोग्रामला मी किल्ली म्हणते. आत काय होतं? झाकण. नळ. दाराची कडी. आजोबांचा खोकला. जुळण्यांची नावंसुद्धा बदलण्याचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. माझ्या स्वयंपाकघराला कुलूप लावून मलाच बाहेर उभं केलं होतं. मी नातीची जुळणी परत चालू केली आणि किल्ली इंटरनेटवर टाकली, म्हणजे आणखी कोणाच्या पोरीचं बोट जाऊ नये.

९. खटला. कंपनीने माझ्यावर कुलूप तोडल्याचा खटला भरला. असा कायदा आहे. कॉपीराइट सांभाळायला म्हणून केला आणि आता त्याच्या आडून चोर धन्याला पकडून देतो. कोर्टात वकीलसाहेबांनी मला विचारलं, "बाई, कुलूप कोणाचं?" मी म्हटलं, "कुलूप तुमचं, आतलं माझं." ते म्हणाले, "प्रश्न कुलपाचा आहे." आतलं कोणाचं याचा वेगळा दावा लावा, असं न्यायाधीशांनीही सांगितलं, कुलूप तोडणं हा आतल्या मालकाकडूनही गुन्हाच होतो. मी दावा लावणार होते. पैसा कुठून आणायचा ते बघत होते. तेवढ्यात माझ्या मुलाने वर सांगितलेलं प्रतिज्ञापत्र दिलं.

कंपनी लगेच मवाळ झाली. वेड्या बाईला तुरुंगात पाठवून त्यांना काय मिळणार होतं? तडजोड झाली. मी हमीपत्र द्यायचं की मी हयात असेपर्यंत कानगोष्टीच्या हक्काचा दावा लावणार नाही आणि किल्ली पुन्हा कुठे टाकणार नाही. त्यांना आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. कानगोष्टीचा कॉपीराइट त्यांच्या नावावर, आणि हमीपत्रात 'माझे वारसही' असे शब्द. कॉपीराइटला मी साफ नाही म्हटलं. वारसांबद्दल म्हटलं की मी माझ्या तोंडाला बूच मारून घेते, पण माझ्या मागे येणाऱ्यांच्या तोंडाला मारायचा मला अधिकार नाही. मला वाटलं होतं की यावर ते अडून बसतील. वकीलसाहेबांनी हसून ती ओळ खोडली. वारस त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत बसला होता.

तेव्हापासून मी गप्प आहे. माझ्या सहीला मी जागते. पण हयातभर म्हणजे हयातभर, पुढे एक दिवसही नाही. कंपनी माझ्या मरणाची वाट बघते आहे, आणि मी त्या दिवसाची तयारी करते आहे.

१०. सबब, कानगोष्ट या प्रोग्रामवरचा माझा संपूर्ण कॉपीराइट, ह्यांच्या पश्चात माझ्याकडे आलेल्या त्यांच्या हिश्श्यासह, मी माझ्या नातीला देते. मुलाला त्यात कवडीचा हक्क नाही. कॉपीराइट माणसाच्या मागेही पुष्कळ वर्षं जिवंत राहतो. तो कायदा बड्या कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी लांबवत नेला आहे, आता थोडा माझ्याही उपयोगी पडू दे. नातीने तो विकू नये, गहाण टाकू नये. मी गेल्यावर तिने दावा लावावा आणि मागणी एकच करावी: परवान्यात लिहिलं होतं तसं उघडं करा. भरपाई नको. भरपाई दिली की त्यांना वाटतं हिशेब मिटला.

किल्ली लॅपटॉपमध्ये आहे. पासवर्ड नातीला पाठ आहे. किल्ली माझ्या पश्चात जगजाहीर करायची की नाही हे मी तिच्यावर सोपवत नाही, कारण त्यात तिला त्रास होईल. ती मीच जाहीर करते आहे, असं या कलमाने ठरवते. व्यवस्थापकाने फक्त बटण दाबावं. गुन्हा माझा, आरोपी मी. कंपनीने समन्स माझ्या नावाने काढावं आणि बजावायला मी जिथे असेन तिथे यावं. माझे व्यवस्थापक म्हणून मी आमच्या वकील मैत्रिणीला नेमते. तिने ही जोखीम समजून होकार दिला आहे, आणि तिलाही माझ्याइतकाच राग येतो.

नातीला माझा राग घ्यायचा असेल तर घ्यावा. सक्ती नाही. तिच्याजवळ तिचा स्वतःचा आहे.

११. वर ज्याची वाटणी झालेली नाही ते सगळं, आणि ज्याची झाली पण कोणत्याही कारणाने फसली ते सगळं, बँकेतल्या शिलकेसह, माझ्या नातीला जाईल.

१२. हे कलम मनात नव्हतं. इथपर्यंत लिहून झालं तेव्हा डॉक्टर पहिले साक्षीदार म्हणून चहा घेत थांबले होते आणि दुसरी साक्षीदार म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना निरोप पाठवणार होते. तेवढ्यात मुलगा आला. सूनबाईने त्याला फोन केला असावा. त्याने कागद मागितले. माझ्या मनात लपवण्यासारखं काही नव्हतं, दिले. त्याने आधी उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून घेतली. करंगळीच्या पानावर तो बराच वेळ थांबला. मी भांडणाची तयारी करून बसले होते. भांडण काही झालं नाही.

तो म्हणाला, "आई, मी ते तुला वाचवायला लिहून दिलं. तुला आत टाकणार होते."

मी म्हटलं, "माहीत आहे. वेडी ठरवून वाचवलंस. त्यापेक्षा शहाणी म्हणून आत गेले असते."

मग त्याने जे सांगितलं ते मी इथे नोंदवते, कारण पुढे ते कामी येईल. कंपनीने कानगोष्टीचं खरेदीखत तयार करून ठेवलं आहे. विकणारा म्हणून त्यात माझ्या मुलाचं नाव आहे आणि तारखेची जागा कोरी आहे. वकीलसाहेबांनी त्याला ते परवा दाखवलं. "दर महिन्याला मला बोलावून तुझी तब्येत विचारतात," तो म्हणाला. "मला वाटायचं, माणुसकीने विचारतात."

हे ऐकून डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मुलगा म्हणाला की शिक्षिकाबाईंना त्रास देऊ नकोस, दुसरा साक्षीदार मी होतो. मी त्याला कायदा सांगितला. मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्याने सही केली की कलम २ संपलं, घर गेलं. डॉक्टरांनीही त्याला घरी जाऊन विचार करायला सांगितलं.

"म्हणूनच सही करायची," तो म्हणाला. "मला यातून काही मिळणार असेल तर माझ्या शब्दाला किंमत नाही. काही मिळत नसताना मी म्हटलं की आई शुद्धीवर आहे, तर ते खोटं कोण पाडणार? ते प्रतिज्ञापत्र माझंच आहे. ते मलाच मोडलं पाहिजे."

मी विचारलं, नोकरीचं काय? त्याने फोन काढला, वरिष्ठांना दोन ओळी लिहिल्या, मला वाचायला दिल्या आणि पाठवल्या.

माझा राग यामुळे गेला असं कोणी समजू नये. गेलेलं बोट परत येत नाही आणि कोर्टात ज्या नजरांनी मला त्या दिवशी पाहिलं त्या मी विसरलेली नाही. पण ज्याच्याविरुद्ध मी वर एवढं लिहिलं तो माझा मुलगाच आहे, आणि आज त्याने हिशेब बरोबर मांडला. घर कलम ११ प्रमाणे नातीला जाईल. ती बापाला त्यात राहू देईल की नाही हा तिचा प्रश्न आहे. ती माझ्यावर गेली आहे, तेव्हा त्याने सामान हलवण्याआधी विचारून घ्यावं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी प्रत्येक पानावर सही केली आहे. पुढे मन बदललं तर नवं लिहीन. बदलायचं नाही.

ठिकाण: राहतं घर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिला: कुटुंबाचे डॉक्टर. धंदा: वैद्यकीय. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. आज सकाळी मी त्यांना तपासलं आहे. त्यांच्या शुद्धीबद्दल मला तिळमात्र शंका नाही.
सही: (डॉक्टर)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारीचा मुलगा. धंदा: आज सकाळपर्यंत नोकरी. आईने माझ्यासमक्ष आणि डॉक्टरांसमक्ष सही केली. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही, हे वाचून आणि समजून मी साक्ष घालतो. आई पूर्ण शुद्धीवर आहे. कोर्टात मी याच्या उलट लिहून दिलं, ते खोटं होतं. ती तेव्हाही शुद्धीवर होती.
सही: (मुलगा)